आडनावाची भाषा

वसईकडील धर्मग्रामात एखाद्या घरचे मूल महाविद्यालयात जाऊ लागले की, त्याने कोणता विषय घ्यावा हा प्रश्न त्या घरापुरता राहत नाही. विज्ञान घेतले तर कोणी कारण विचारीत नाही. वाणिज्य घेतले तर बँकेची पायरी दिसू लागते. आम्ही पदवीसाठी स्पॅनिश भाषा, वाङ्मय आणि संस्कृती हा विषय घेतला, तेव्हा मिस्सा आटोपल्यावर भेटणारी वडीलधारी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारीत. पहिला काळजीचा असे : "हे शिकून पुढं काय?" दुसरा कौतुकाचा असे : "म्हणजे आपलीच भाषा की! आपली आडनावं तिकडचीच ना?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. वीस देशांचा कारभार जिच्यात चालतो त्या भाषेच्या आधारावर अनुवाद, अध्यापन, दूतावास, पर्यटन अशी कोठेतरी भाकरी मिळतेच. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मात्र आम्हांला सगळा अभ्यासक्रम पुरला नाही.

दिल्लीच्या वर्गात हाच प्रश्न उलट्या अंगाने आला. हजेरीच्या वेळी आमचे आडनाव ऐकून सहाध्यायी म्हणत, ह्यांना काय अवघड, ह्यांच्या तर घरचीच भाषा! वस्तुस्थिती अशी की, आमच्या घरी सामवेदी बोली, शाळेत आणि उपासनेत मराठी. स्पॅनिशचा एक शब्दही घरी वा आजोळी कोणी उच्चारलेला नव्हता. आडनाव होते तेही पोर्तुगीज वळणाचे. पण ह्या दोन भाषा सख्ख्या बहिणी. त्यामुळे पहिल्याच वर्षी एक उलगडा झाला. आपल्या बऱ्याच आडनावांच्या शेवटी जो 'एस' किंवा 'इस' ऐकू येतो, तो 'अमक्याचा मुलगा' असे सांगणारा प्रत्यय आहे. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, फर्नांडिस म्हणजे फेर्नांदोचा, गोन्सालविस म्हणजे गोन्सालोचा. आता आमच्या पणजोबांच्या पणजोबांत कोणी रोद्रिगो वा फेर्नांदो नव्हता. बाप्तिस्म्याच्या वेळी लाभलेले ते नाव. म्हणजे आडनाव सांगते ते रक्ताचे नाते नव्हे, एका घटनेचे नाते. त्या घटनेत आपल्याला काय मिळाले आणि आपले काय गेले, हा विचार तोवर आमच्या मनाला शिवला नव्हता. त्याला वाट करून दिली ती परक्या वाङ्मयाने.

'वाङ्मय' आणि 'संस्कृती' हे दोन शब्द आमच्या अभ्यासक्रमात जोडीने का आले, हे समजायला फार दिवस लागले नाहीत. स्पॅनिश शब्दकोशच एखाद्या संगमासारखा आहे. संत्र्याला तेथे 'नारांहा' म्हणतात. आपले संस्कृत 'नारंग' फारसी आणि अरबी मुखांतून प्रवास करीत तेथे पोचले. साखरेला 'आसुकार' म्हणतात. तिचे मूळ 'शर्करा'. बुद्धिबळाला 'आहेद्रेस' म्हणतात. ते आपले 'चतुरंग'. सन ७११ पासून जवळजवळ आठ शतके अरबी भाषकांची सत्ता त्या द्वीपकल्पात कमीअधिक प्रमाणात होती, तिची ही खूण. सर्वांत हृद्य शब्द 'ओहाला'. आपण 'देव करो' म्हणतो त्या ठिकाणी स्पॅनिश आजीबाई तो सहज उच्चारते. आणि त्याचा उगम 'अल्लाची इच्छा असेल तर' ह्या अर्थाच्या अरबी उद्गारात आहे. कॅथलिक माउलीच्या ओठांवर मुसलमानी प्रार्थना नांदते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो!

ही सरमिसळ काहींना डाचली. १४९२ ह्या एका वर्षात स्पेनमध्ये चार घटना घडल्या. जानेवारीत ग्रानादाचे शेवटचे मुसलमानी राज्य संपले; त्याच वर्षी यहुद्यांना देशत्यागाची आज्ञा झाली; ऑगस्टमध्ये आंतोनियो दे नेब्रिहा ह्या पंडिताने स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण राणी इसाबेलला अर्पण केले; आणि ऑक्टोबरात कोलंबस पश्चिमेच्या बेटांना लागला. नेब्रिहाच्या मते भाषा ही साम्राज्याच्या सोबतीने चालते, वाढते आणि लयाला जाते. व्याकरण आणि तलवार एकाच वर्षी घराबाहेर पडली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे १६०९ ते १६१४ ह्या काळात बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही, म्हणजे मोरिस्कोंनाही, स्पेनमधून हाकलण्यात आले. त्यांचा बाप्तिस्मा खरा नाही, असा संशय होता. मिगेल दे सेर्वांतेसच्या ज्या कादंबरीला आपण इंग्रजी वळणाने 'डॉन क्विझोट' म्हणतो, तिचा पहिला भाग १६०५ मध्ये आणि दुसरा १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांवर धावून जाणारा वेडा सरदार सर्वांना ठाऊक आहे. पण दुसऱ्या भागात रिकोते नावाचा एक मोरिस्को येतो. सान्चो पान्साचा हा गावातला शेजारी; हद्दपार झालेला; यात्रेकरूंच्या वेशात चोरून परतलेला. वाटेत भेटताच तो सान्चोला ओळखतो; सान्चोला मात्र ओळख पटायला थोडा वेळ लागतो. दोघे झाडाखाली बसून एका पंगतीत खातात, पितात. पुरलेले धन काढायला मदत कर, ही रिकोतेची विनंती सान्चो नाकारतो, कारण ते राजाज्ञेविरुद्ध. पण तो शेजाऱ्याला पकडूनही देत नाही. ज्या राजाच्या आज्ञेने ही माणसे देशोधडीला लागली, त्याच राजाच्या राज्यात हे पुस्तक छापले गेले! स्वतः सेर्वांतेस १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत तुर्कांशी लढताना डाव्या हाताने अधू झाला होता, नंतर पाच वर्षे अल्जीर्सला कैदेत होता, आणि त्रैक्यसंघाच्या धर्मबंधूंनी खंडणी भरून त्याला सोडवले होते. त्याला मुसलमानांचा द्वेष करायला कारणे होती. त्याने रिकोते निर्माण केला.

आमच्या अभ्यासातील कसोटीची घडी आली ती सागरापलीकडच्या वाङ्मयाशी गाठ पडल्यावर. १५११ च्या आगमनकाळातील चौथ्या रविवारी, २१ डिसेंबर रोजी, आजच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात असलेल्या सांतो दोमिंगो येथे आंतोनियो दे मोंतेसिनोस हे डोमिनिकन संघाचे धर्मगुरू प्रवचनासाठी उभे राहिले. समोर वसाहतीतील मातब्बर मंडळी बसली होती. प्रत्येकाच्या वाट्याला स्थानिक माणसे वेठीला बांधून दिलेली होती. फादरांनी त्यांना तोंडावर विचारले की, ही माणसे नव्हेत काय? ह्यांना आत्मा नाही काय? असा जुलूम करणाऱ्याला तारणाची आशा ठेवता येणार नाही, असेही त्यांनी बजावले. मंडळी खवळली, प्रवचन मागे घ्या, अशी मागणी झाली. पुढच्या रविवारी फादर पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी तेच अधिक ठणकावून सांगितले.

हा प्रसंग आपल्याला कळतो तो बार्तोलोमे दे लास कासास ह्यांच्या लेखणीतून. ते स्वतः अशीच वेठीची माणसे बाळगणारे धर्मगुरू होते. १५१४ मध्ये त्यांनी आपल्याकडील माणसे सोडून दिली आणि उरलेले दीर्घायुष्य त्या लोकांची बाजू मांडण्यात घालवले. १५५२ मध्ये सेविल्यात छापलेल्या त्यांच्या छोट्या ग्रंथात वसाहतवाल्यांच्या अत्याचारांची जी जंत्री आहे, ती वाचताना पान उलटण्याचे धैर्य होत नाही. स्थानिकांऐवजी आफ्रिकेतील गुलाम आणावेत, असे त्यांनीही एके काळी सुचवले होते. पुढे त्याबद्दल त्यांनी तीव्र पश्चात्ताप नोंदवला. संतांच्या तसबिरीसारखे गुळगुळीत चरित्र हे नव्हे. म्हणूनच ते खरे वाटते.

तो ग्रंथ वर्गात चालू असताना एका सहाध्यायाने आम्हांला विचारले : "हे वाचून तुम्ही रविवारी चर्चला कसे जाता?" प्रश्न कुत्सित नव्हता, म्हणूनच तो टाळता येईना. सुट्टीत घरी आल्यावर तीच पाने आजोबांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी जपमाळ बाजूला ठेवली आणि ते म्हणाले : "आपल्याच देवळाची निंदा शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं?" एकीकडे, तुमचा धर्म म्हणजे तलवारीची देणगी, असे सुचवणारा मित्र, दुसरीकडे, घराण्याची श्रद्धा दुखावली म्हणून दुखावलेले आजोबा. ह्या दोघांच्या मध्ये बरेच दिवस आम्ही उभे होतो. मित्राला सांगावे की, अन्याय करणारे ख्रिस्ती होते तसे त्यांना व्यासपीठावरून जाब विचारणारेही ख्रिस्तीच होते. आजोबांना सांगावे की, ही निंदा नव्हे. ज्याला आपण पापनिवेदन म्हणतो तेच आहे, फक्त एका अख्ख्या समाजाने केलेले. दोन्ही उत्तरे खरी होती. तरीही दोन्ही अपुरी वाटत. वादात जिंकायला ती पुरेशी होती, पण आत एक काटा सलत राही.

हा काटा सलत असतानाच सोर हुआना इनेस दे ला क्रुस भेटल्या. सतराव्या शतकातील मेक्सिकोच्या ह्या धर्मभगिनी त्या काळच्या स्पॅनिश भाषेतील थोर कवयित्री. विद्येसाठी एकांत मिळावा हेही त्यांच्या मठप्रवेशाचे एक कारण होते. त्यांनी देवळात गाण्यासाठी रचलेल्या गीतांत स्थानिक नाहुआत्ल भाषेच्या ओळीही आहेत. पुढे एका बिशपांनी धर्मभगिनीच्या टोपणनावाने पत्र लिहून त्यांना लौकिक विद्या आवरण्याचा उपदेश केला. १६९१ मध्ये त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे स्त्रीशिक्षणाची कैफियत आहे. तुपात अंडे तळताना ते कसे घट्ट होते ह्याचे निरीक्षण हीसुद्धा विद्याच, असे त्या हसत हसत सांगतात. नंतर त्यांची लेखणी थांबली. १६९५ च्या साथीत आजारी भगिनींची सेवा करताना त्यांना मृत्यू आला. ज्या ख्रिस्तसभेने त्यांना ग्रंथ दिले, खोली दिली, गाणे दिले, तिच्यातीलच माणसांनी त्यांना गप्प केले. आणि त्या अखेरपर्यंत त्याच ख्रिस्तसभेच्या कन्या राहिल्या. घर दुखवते म्हणून ते घर नसते काय? हा विचार आम्हांला प्रथम त्यांनी दिला.

परंतु आमच्या आडनावाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते पेरू देशातील एका लेखकाकडून. १५३९ मध्ये कुस्को नगरीत एका स्पॅनिश सरदाराला इन्का राजघराण्यातील स्त्रीपासून मुलगा झाला. सरदाराने तिच्याशी विवाह केला नाही. लग्न केले ते एका स्पॅनिश स्त्रीशी. मुलाचे नाव बापाच्या कुळातून आले : गोमेस सुआरेस दे फिगेरोआ. आईच्या नातलगांकडून, केचुआ भाषेत, त्याने गतवैभवाच्या कथा ऐकल्या. विशीत तो स्पेनला गेला. बापाच्या सेवेचा मोबदला मागितला, तो नाकारण्यात आला. ह्या माणसाने मग एक विलक्षण गोष्ट केली. त्याने आपले नाव बदलले. बापाचे नाव गार्सिलासो दे ला वेगा घेतले, आणि ग्रंथकार म्हणून त्याच्याआधी आईच्या कुळाचा शब्द लावला : इन्का. १६०९ मध्ये लिस्बनला छापलेल्या ग्रंथात त्याने इन्कांचा इतिहास स्पॅनिशमध्ये लिहिला. स्पॅनिश इतिहासकारांना आपल्या मातेची भाषा नीट कळली नाही, म्हणून त्यांचे अर्थ चुकले, असे तो नम्रपणे पण ठामपणे दाखवतो. मिश्र रक्ताच्या माणसासाठी वापरला जाणारा हेटाळणीचा शब्द तो स्वतःसाठी अभिमानाने वापरतो. बापाची भाषा त्याने टाकली नाही, आईची स्मृती पुरली नाही, आणि ख्रिस्तावरची श्रद्धा दोन्हींच्या मधोमध ठेवली. त्याची कबर कोर्दोबाच्या ज्या कॅथेड्रलमध्ये आहे, ते एके काळी मशीद होते.

इन्का गार्सिलासोचा मृत्यू एप्रिल १६१६ मधला. सेर्वांतेसही त्याच महिन्यात गेला. परीक्षेसाठी हे साल पाठ करीत असताना ते ओळखीचे का वाटते, असा प्रश्न मनात आला. आणि मग लख्ख प्रकाश पडला. १६१६ हे आपल्या 'ख्रिस्तपुराणा'चे साल! त्याच वर्षी साष्टीतील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचा तो ग्रंथ प्रथम छापून निघाला. त्या काळी, १५८० ते १६४० पर्यंत, पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या मस्तकी होता. म्हणजे सेर्वांतेसचे माद्रिद, गार्सिलासोचे कोर्दोबा, स्टीफन्सचे राशोल आणि आमची वसई ही सारी ठाणी त्या वर्षी एकाच राजाच्या छत्राखाली होती. तिसऱ्या फिलिपच्या त्या राज्यात एक इंग्रज येशूसंघीय अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या रचीत होता आणि मराठीला भाषांतील रत्न ठरवीत होता.

स्टीफन्सकृत पुराणाचे नाव आम्ही शाळेपासून जाणत होतो. पण तो ग्रंथ आम्ही सबंध वाचला तो दिल्लीत, गार्सिलासो वाचून झाल्यावर. आणि तो आम्हांला निराळाच दिसला. धर्म जहाजातून आला हे खरे. पण तो मराठीत उतरला तेव्हा त्याला ओवीचे पाऊल घ्यावे लागले. मेक्सिकोतही असेच घडले. १५३१ मध्ये हुआन दिएगोला पवित्र मरियेने दर्शन दिले ते ग्वादालुपेच्या परंपरेनुसार त्याच्या मातृभाषेत बोलून, नाहुआत्लमध्ये. राजाच्या भाषेत नव्हे. विजेत्यांची भाषा आज्ञा देते; शुभवर्तमान मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावे लागते.

सत्ताधाऱ्यांना हे पटले नाही, हेही नमूद केले पाहिजे. गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांना स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यास फर्मावले. स्पॅनिश अमेरिकेत १७७० मध्ये तिसऱ्या कार्लोसने स्थानिक भाषा नाहीशा कराव्यात अशी आज्ञा दिली. दोन्ही आज्ञा कागदावर राहिल्या असे म्हणवत नाही. त्यांनी पुष्कळ नुकसान केले. तरीही कोकणी जगली, केचुआ जगली, आणि वसईच्या मंडळींनी १७३९ नंतर, पोर्तुगीज निघून गेल्यावरही, श्रद्धा आणि बोली दोन्ही जपल्या. धर्म केवळ सत्तेचा टिळा असता, तर सत्तेबरोबर तोही पुसला गेला असता. मित्राच्या प्रश्नाला आमच्यापाशी असलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर हे आहे, आणि ते आमच्या पूर्वजांनी दिलेले आहे. आम्ही फक्त वाचक.

ह्या प्रकाशात वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्याकडेही आम्ही नव्याने पाहू लागलो. पोर्तुगीज पिता आणि वसईची माता, असे त्यांच्याविषयी परंपरा सांगते. म्हणजे इन्का गार्सिलासोचेच ते एका अर्थी भावंड. जपानमध्ये ते जपानी शिकले, मनिलात स्पॅनिश फ्रान्सिस्कनांच्या संघात दाखल झाले, आणि त्या संघाच्या मंडळींसमवेत दुभाषी म्हणून जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी प्राण ठेवले. १८६२ मध्ये पोप नववे पायस ह्यांनी त्यांना संत घोषित केले. आपण त्यांना हुतात्मा म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. पण ते दुभाषीही होते. दुसऱ्याचे म्हणणे तिसऱ्याला समजेल असे प्रामाणिकपणे पोचवणे हे त्यांचे काम होते. भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ह्याहून जवळचा संत कोणता?

पोप फ्रान्सिस तरुणपणी, १९६४-६५ मध्ये, अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघाच्या शाळेत वाङ्मय शिकवीत होते, आणि त्यांनी होर्हे लुईस बोर्हेस ह्या थोर लेखकाला विद्यार्थ्यांसमोर आणले होते. १७ जुलै २०२४ च्या पत्रात त्यांनी धर्मगुरूंच्याच नव्हे, तर सर्वच श्रद्धावंतांच्या घडणीत कथा-कवितांच्या वाचनाला मोलाचे स्थान दिले. वाङ्मय दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला शिकवते, हा त्यांचा आशय. एप्रिल २०२५ मध्ये ते प्रभूकडे गेले. त्यानंतर ८ मे रोजी निवडून आलेल्या पोप चौदाव्या लिओंनी सज्ज्यातून जगाला अभिवादन करताना मध्येच स्पॅनिशमध्ये वळून पेरूमधील आपल्या चिक्लायो धर्मप्रांताला साद घातली, तेव्हा आमच्या कानांना ती भाषा परकी वाटली नाही. आपलीही वाटली नाही. शेजारच्या घरातून हाक यावी तशी वाटली.

आडनावाची भाषा शिकल्याने आम्ही स्पॅनिश झालो नाही, की कमी मराठी झालो नाही. आपल्या घरात जी गोष्ट अर्धी सांगितली जाते, तिचा उरलेला अर्धा भाग समुद्रापलीकडे कोणी तरी लिहून ठेवला आहे, एवढे कळले. म्हणून धर्मग्रामातील एखादे मूल असा दूरचा विषय निवडू पाहत असेल, तर त्याच्या मायबापांना आमची एवढीच विनवणी आहे. पोटापाण्याचा विचार जरूर करा, तो केलाच पाहिजे. पण मूल आपल्यापासून लांब चालले, अशी भीती बाळगू नका. त्याच्या पेटीत एक 'ख्रिस्तपुराण' ठेवून द्या. केव्हा तरी, परक्या गावी, परकी पाने वाचून डोळे शिणले की ते उघडील. आणि त्या वेळी त्याला त्यातील प्रत्येक ओवी आपल्या आजीच्या आवाजात ऐकू येईल.